माती माझी, मोर शांताचा

मी कौसाबाई, कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीची लेक. वय इचारू नको पोरी, कागदावर एक हाय अन् आईच्या तोंडचं एक. आई म्हणायची, पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, अन् त्याच्या दुसऱ्या सुगीला तू झालीस, एवढंच. बाप मेंढरामागं, आठ-आठ महिने रानात, घरी आई अन् आमी चार बहिणी. घर म्हंजी दगड-मातीच्या चार भिंती अन् वर मातीचं सपाट धाबं, पण त्या भिंती बघायला येणारं-जाणारं माणूस थांबायचं बरं का. आई म्हणायची, पोटात काय हाय ते कोणी बघत नाय, भिंत म्हंजी घराचं तोंड, ते धुतलेलं पाहिजे.

भिंत पोतारणं तुला सोपं वाटत असंल. पांढरी माती आणायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. त्यात घोड्याची लीद, गाईचं शेण नाय, घोड्याचीच, कारण तिच्यातला काडीचा बारीक भुसा मातीला धरून ठेवतो. आठ दिवस आंबवायची, वास असा येतो का जेवण जात नाय. अन् शेवटाला बाभळीचा डिंक भिजवून घालायचा. डिंक घातला का भिंतीवर बोट फिरव, बोट कोरं राहतं. डिंक नसला का माती हाताला येती, कपड्याला येती, अन् वर काढलेलं चित्र बी तिच्यासंगं झडून जातं. मंग तळव्यानं लावत जायचं, अन् सगळ्यात मागून वल्या पोतेऱ्यानं बोटांच्या रेघा पुसायच्या. एक रेघ राहिली तर आई मनगटावर चापट मारायची. रेघ राहिली म्हंजी काम कच्चं. म्हंजी बघ, काम जेवढं चांगलं तेवढी करणारी दिसत नाय.

तुमी संघटनेच्या पोरी, आत्ता तू वहीत काय लिहायलीस ते मला कळतंय. बाईच्या कष्टाला कोणी मोजत नाय, तसलं काईतरी. लिही, खरंच हाय ते, अन् चांगलं ठसठशीत लिही. पण आज मी तुला जे सांगणार हाय ते तुझ्या त्या पत्रकात बसायचं नाय. त्यात सायब नाय, सावकार नाय, पोलीस नाय. त्यात मीच हाय.

लगीन झालं अन् औरंगाबादला आले. आता संभाजीनगर म्हणत्यात, म्हणा बापा, आमच्या तोंडात जुनं बसलंय. नवरा शहागंजात हमाल, धाकटा दीर बी तिथंच. टेकडीच्या कडंला आमच्या दोन खोल्या, एकाला एक लागून, दगड-मातीच्या, वर पत्रे. म्होरं एकच वटा, अन् त्या वट्याची लांब भिंत दोन्ही घरांची मिळून एक. मी आल्या-आल्या ती भिंत केली. शहागंजात टांग्याचा अड्डा व्हता, तिथून लीद आणायची, डोक्यावर पाटी. टांगेवाले हसायचे, म्हणायचे, क्या अम्मा, खाना पकाती क्या इसका? मी म्हणायचे, हौ, तुमकोच खिलाती. गल्लीतल्या बायांनी भिंत बघितली, म्हणल्या, कौसाबाईची भिंत म्हंजी आरसा. आठ वर्षं ती कौसाबाईची भिंत व्हती. आठ वर्षं, ध्यानात ठेव.

मंग शांता आली. धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ. फर्दापूरची. लेण्याच्या पायथ्याचं गाव ते. लहानपणी ती आईसंगं सीताफळाच्या पाट्या घेऊन लेण्याच्या वाटंवर बसायची, अन् पाटी रिकामी झाली का आत जाऊन त्या अंधारात तासभर बघत बसायची. तिथल्या चित्रातल्या बायांचे डोळे तिनं मनात साठवलेले, लांबचे लांब, मासोळीवानी, अर्धे मिटलेले. ह्यातलं काय आमाला ठावं नव्हतं. आमाला दिसली ती एक काळीसावळी पोरगी, भाकर जाडी थापणारी, मी म्हणलं, चला, हिच्यापासून आपल्याला भ्या नाय.

पहिली पंचमी आली. आदल्या दिशी माझी भिंत करून झाली, सगळी, दोन्ही घरची. शांतानं बाभळीची काडी ठेचून कुंचा केला, गेरू कालवला, कपड्याची नीळ घेतली, तव्याच्या बुडाची काजळी घेतली अन् नाग काढला. नाग तर सगळ्याच काढत्यात. पण हिनं नागाच्या शेजारी मोर काढला, अन् मोराला त्यो लेण्यातला डोळा. मी म्हणलं, अगं येडे, नागाच्या शेजारी मोर कामून? खाऊन टाकंल की त्याला. ती म्हणली, अक्का, आज पंचमी हाय, आज त्याचा बी उपास हाय.

सगळी गल्ली हसली. मी बी हसले. पण पोटात इंगळ पडला तो त्या दिशी.

काय सांगू तुला, सासू माझी, आठ वर्षं मला कवा बरी म्हणली नाय, ती त्या मोराम्होरं पाट टाकून चहा प्यायली. माझ्या लेकीचा, सुमनचा बाप, म्हंजी माझा मालक, पोती उचलून दमून यायचा अन् भिंतीकडं बघत भाकर खायचा. एकदा म्हणला, धाकटीच्या हातात कला हाय. मी म्हणलं, अन् माझ्या हातात? तर म्हणतो, तुझ्या हातची भाकर चांगली असती. आता बोल! तवापासून दर पंचमीला, दर दिवाळीला हेच. लीद मी आणायची, माती मी आंबवायची, कंबर माझी मोडायची, चार दिवस पाठ भुईला टेकता येत नव्हती, अन् ही पाचव्या दिशी न्हाऊन-धुऊन कुंचा घेऊन यायची अन् तासाभरात भिंत शांताची व्हायची. माती माझी, मोर तिचा, अन् भिंत शांताची.

एकदा कालिजातल्या एक बाई आल्या, गळ्यात कॅमेरा. कोणीतरी सांगितलं व्हतं का टेकडीवर एक बाई लई सुंदर घर सजवती. मी तवाच खालची पट्टी संपवून हात झटकत उभी व्हते. त्या बाई म्हणल्या, मावशी, तुम्ही जरा बाजूला सरता का, भिंतीवर सावली पडायलीय. मी सरले. लिदीचे हात घेऊन सरले. शांता म्हणली त्यांना, बाई, माती आमच्या अक्काची हाय. म्हणली व्हती, मी ऐकलंय, खोटं कामून बोलू. बाई म्हणल्या, हो का, छान, अन् शांताला म्हणल्या, तुम्ही हसा. अन् शांतानं माझं नाव घेतलं ह्याचाच मला जास्ती राग आला, कारण आता तिला वाईट बी म्हणता येईना.

त्यो फोटो पेपरात आला. खाली छापलं, स्वतःच्या हातांनी भिंत सजवणाऱ्या शांताबाई. सोताच्या हातांनी! शांतानं तो कागद काचंच्या चौकटीत घातला अन् लावला. कुठं लावला? माझ्या मातीवर, खिळा मारून.

त्याच्या पुढच्या पंचमीला मी शांताच्या बाजूच्या भिंतीत डिंक घातला नाय. हे मी कोणाला सांगितलेलं नाय, सुमनला बी नाय. माझ्या बाजूला घातला, तिच्या बाजूला नाय. वरून दोन्ही सारखंच दिसतं, कोणाच्या बापाला कळत नाय. शांतानं लई जीव लावून मोर काढला व्हता, पिसं न् पिसं. आठ दिसांत पोरांच्या सदऱ्याला लागून, हवंनं, सर्दावून मोर झडला. नुस्ती चोच राहिली. शांता माझ्यापशी आली, म्हणली, अक्का, औंदा माती कशानं झडली गं? मी म्हणलं, माझी माती झडत नसती, तुझाच हात जड झालाय. तिनं माझ्याकडं बघितलं. बरं म्हणली अन् गेली. दुसऱ्या दिशी हातानंच सगळं पुसून टाकलं तिनं.

मला वाटलं व्हतं, लई बरं वाटंल. तसं काय झालं नाय, त्या उघड्या भिंतीकडं बघून मलाच कसंनुसं व्हायचं. तरी जळणं काय थांबलं नाय. पोटातलं जळणं पाप केल्यानं इझत नसतं, त्याला आणखी सरपण मिळतं.

मंग सुमनचं लगीन निघालं. आमच्यात रीत अशी का लग्नघराची दर्शनी भिंत घरच्या सवाशिणीनं रंगवायची, नवरा-नवरीचं नाव लिहायचं, हत्ती-मोर काढायचे. सुमन म्हणली, आये, मपल्या लग्नाची भिंत काकीनं काढायची, मला दुसरं काय नको, साडी हलकी घेतली तरी चालंल. मी म्हणलं, पावणे शहरातले, पोरगा चिकलठाण्याला कारखान्यात, त्यांचं घर पक्कं, मातीची भिंत बघून काय म्हणतील? आपण आयल पेंट मारू. हे तोंडावर. मनात निराळंच. मनात हे, का माझ्या लेकीच्या लग्नात बी लोक म्हणतील, शांताचा हात बघा. लेक माझी, लगीन माझ्या घरचं, अन् हात शांताचा? सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. शांता कुंचा अन् गेरूची वाटी घेऊन आलती, मी म्हणलं, राहू दे शांते, औंदा पेंटर लावलाय. ती वाटी पदराखाली घेऊन परत गेली.

शहागंजातून मुनीरभाई पेंटर आणला. त्यानं भिंतीवर थाप मारली, कान लावला, म्हणला, अम्मा, मट्टी पो आयल नक्को मारो, पकडता नै. मट्टी सांस लेती. धूप पडी की फूल जाता. आता बघ, मला मातीचं सांगायलाय त्यो! अन् खरं सांगायलाय. त्यानं सांगायच्या आधी मला ते ठावं व्हतं, मातीच्या भिंतीला तेल चालत नसतं हे आमच्याकडं सात वर्षांची पोरगी बी सांगंल. तरी मी म्हणलं, तू मार. त्यो म्हणला, हौ अम्मा, घर तुमारा.

भिंतीवर शांताचा दिवाळीचा मोर तसाच व्हता, पक्का, त्यात डिंक मी घातलेला. मुनीरभाई म्हणला, खरडना पडता. मी म्हणलं, नको, वरूनच मार, अन् धूळ बसावी म्हणून मीच पाणी शिंपडलं. पिस्ता कलर. पहिल्या हाताला मोराचा डोळा आतून दिसत व्हता, दुसऱ्या हाताला बुजला. मी उभी राहून बघितलं. खोटं कामून बोलू, त्या टायमाला लई बरं वाटलं. वर छाप्यानं दोन हत्ती उमटवले, लाल अक्षरात सुमनचं नाव एका अंगाला अन् जावयाचं दुसऱ्या अंगाला. अशी चकाकी का तोंड दिसावं.

वैशाखाचं ऊन. हळदीच्या दिशी वट्याम्होरं मोठी चूल पेटवली, बुंदी पडायची व्हती. सकाळीच भिंतीवर एक फोड दिसला, वाटाण्याएवढा. मी पदरानं दाबला. घटकाभरात दहा फोड. नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या तवर सगळी भिंत फुगली. नवऱ्याची आत्या व्हती, लई तोंडाची बाई, ती म्हणली, इहीनबाई, घराला गोवर निघालाय का काय वो? सगळ्या फिदीफिदी हसल्या. अन् हसत व्हत्या तेवढ्यात एक भला मोठा पापुद्रा वरून सुटला, घोंगडीवानी, अन् जावयाच्या नावासकट खाली आला.

मंग कोणी हसलं नाय. आत्या म्हणली, आमच्या पोराचं नाव गळालं. हळदीच्या दिशी गळालं. असल्या भिंतीखालून आमी सून न्यायची का? सुमन हळद लावलेली, पाटावर, तशीच रडायला लागली. तिचा बाप माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, भुई दुभंगावी. माझ्या जळण्यानं माझ्या लेकीचं लगीन मोडायलंय, हे एकटं मला ठावं व्हतं.

तवर शांता म्होरं आली. म्हणली, अवो बाई, नाव गळालं नाय, आमी गाळलंय. आमच्याकडं रीत हाय, नवरी न्हाती तशी हळदीच्या दिशी भिंतीनं बी कात टाकायची. जुनं काढायचं अन् खरं नाव मंग मातीत लिहायचं. आत्या म्हणली, असली रीत मी कवा ऐकली नाय. शांता म्हणली, फर्दापूरकडं हाय. आता फर्दापूरकडं कशाची आलीय असली रीत! पण तिनं असं ठासून सांगितलं, अन् एक पापुद्रा धरून ओढला अन् हळदीचं गाणं सुरू केलं. दुसरीनं दुसरा ओढला. मंग आत्यानं सोता पदर खोचला. सगळ्या पावण्या बाया गाणं म्हणत माझा आयल पेंट सोलायला लागल्या. पुढं म्हणत्यात, त्या आत्यानं सोताच्या लेकीच्या हळदीला चांगला रंग खरडायला लावला, रीत म्हणून.

त्यो पहिला पापुद्रा माझ्या पायापशी पडला व्हता. मी उचलला, उलटा केला. मागच्या अंगाला शांताचा मोर. जसाच्या तसा, गेरू, नीळ, सगळा रंगाला चिकटून आलता. भिंतीवर त्याचं तोंड तिच्या घराकडं असायचं, आता उलटा झालता, माझ्याकडं बघायलाता. त्यो लांब डोळा. शांता माझ्या कानापशी आली, हळूच म्हणली, अक्का, माती भिजव. अन् औंदा डिंक घाल.

ऐकलंस का? औंदा डिंक घाल. तिला ठावं व्हतं. एवढी वर्षं तिला ठावं व्हतं अन् तिनं माझ्या लेकराला काकी म्हणून पाठीवर घेतलं, माझ्या बाळंतपणात मला शिरा करून घातला.

मी माती केली. दिवाळीची आंबवलेली माती डेऱ्यात शिल्लक व्हती, डिंक चुलीवरच्या कढत पाण्यात इरघळवला. दोन्ही हातांनी लावत गेले, उन्हानं वाळायलीय, बाया बघायल्यात, पोतेरा फिरवायला सवडच नाय. रेघा राहिल्या. बोटांच्या, पाची बोटांच्या, वळणं-वळणं, सगळ्या भिंतीभर. आईची चापट आठवली. मी पोतेरा घेतला तर शांतानं हात धरला. पुसू नको म्हणली. अन् त्या रेघांचंच तिनं पाणी केलं. तळं केलं, लाटा माझ्या बोटांच्या, त्यात कमळं तिची, काठाला मोर, अन् दोन्ही नावं पाण्यावर. सुमन हळदीच्या अंगानं उठून आली, लाटंवर आपली बोटं ठेवली, म्हणली, आये, ही तुझी बोटं व्हय? मी म्हणलं, व्हय. ती म्हणली, मी कवा बघितलीच नव्हती.

लगीन लागलं. वऱ्हाडी भिंत बघून म्हणले, चुलतीचा हात बघा. पाणी कोणाचं, कोणी इचारलं नाय. अन् मी पुन्यांदा जळाले, बघ, मांडवातच. माणूस सुधारतं असं तुमी भाषणात सांगता, मी काय तेवढी सुधारले नाय. शांताची माफी बी मागितली नाय. तिनं बी परत डिंकाचं नाव काढलं नाय. फक्त त्याच्यानंतर दरसाल कुंचा धरायच्या आधी ती विचारायची, अक्का, औंदा रेघा ठिवतीस का पुसतीस? अन् मी म्हणायचे, ठिवते.

आता त्या खोल्या नाय राहिल्या. सिमिटाची घरं झाली. टांगे गेले, लीद कुठून आणणार. शांताचे डोळे गेले, काचबिंदू का काय, सुमनच्याच आधारानं फिरती. मागल्या महिन्यात सुमनच्या पोरानं सिडकोत फ्लॅट घेतला, आमाला दोघींना नेलं बघायला. बैठकीची एक भिंत त्यानं मुद्दाम कारागीर लावून केलीय, टेक्श्चर म्हणत्यात, मातीच्या रंगाचा पेंट, अन् त्यात रबरानं काढलेल्या वळणं-वळणं रेघा. मातीवानी दिसावी म्हणून! वर पितळंचा मोर टांगलेला, दुकानातला. नातसून म्हणली, आजी, गावाकडचा फील येतो ना? आलेल्या बायका वा वा करायल्या, कारागिराचा नंबर मागायल्या. अन् मी, ह्या वयात, दात पडलेली बाई, त्या न बघितलेल्या कारागिरावर जळायले. काय करू, जळायलाच जन्माला आले.

शांता माझा हात धरून त्या भिंतीपशी गेली. तळवा ठेवला. डावीकडून उजवीकडं फिरवला, बोटं रेघांत घालून बघितली. मंग सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणली, अक्का, ही तुझी नाय गं. तुझी असती तर मला कळली असती.

कोणाला काय कळलं नाय. सुमन तेवढी माझ्याकडं बघून हसली. मी तोंड फिरवून गॅलरीत गेले.

बास, एवढंच हाय. आता तू हे छापशील, तर दोघींचं नाव लिही, पण माझं आधी लिही, तेवढं मला पाहिजे. शांता रागवायची नाय. अन् तू अजून भाड्याच्या खोलीत राहतीस म्हणलीस ना, तुझं बी घर व्हईल पोरी, चांगलं उजेडाचं व्हईल. तवा भिंतीला काय लावशील ते लाव, पण शेजारणीच्या भिंतीला हात लावलास तर डिंक घालायला इसरू नको.